मळाईचं झाड

बसा, वासंतीबाई. लाईट आत्ताच गेलेत, म्हणजे तासाभराची निश्चिंती. ती मेणबत्ती जरा इकडे सरकवा, तुमचा चेहरा दिसू दे मला. तुम्ही फोटोतल्या बाईबद्दल विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर आमच्या आनंदीअक्काबद्दल मी या बिल्डिंगीत कुणाशी बोलत नाही. इथे सगळ्यांना वाटतं, ती जन्माची मुकी होती.

ती मुकी नव्हती.

वारजे तेव्हा गाव होतं. कालव्याच्या अंगाला आमचा मळा आणि मळ्यात मळाईचा तांदळा. शेंदूर फासलेला दगड, त्याला नाक-डोळे-तोंड काही नाही. देवीला स्वतःचं तोंड नाही, म्हणून ती माणसाच्या तोंडानं बोलते, असं लोक म्हणत. ज्याच्या अंगात ती येते, त्याला आमच्याकडे देवीचं झाड म्हणतात. त्या काळी झाड होता म्हातारा गेनबा.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी आईच्या पोटात होते, त्यामुळे हे सगळं ऐकीव. चैत्रातल्या जत्रेत गेनबा घुमायला लागला आणि घुमता घुमता एकदम थांबला. हलगीवाल्यांचे हातही थांबले. त्यानं गर्दीत बोट रोखलं. बोटासमोर आमची अक्का उभी, सहा वर्षांची, तोंडात रेवडी.

"माझ्यामागं ही," गेनबा म्हणाला. "हिच्या तोंडानं बोलंन म्या. तवर हिला कुनाची करू नका."

त्याच आठवड्यात गेनबा गेला. शब्द राहिला.

त्या दिवसापासून अक्काची शाळा बंद. तिचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, पाणी प्यायचा तांब्या वेगळा. तिला कुणी शिवायचं नाही. आईसुद्धा तिच्या केसांना तेल लावायची नाही. लहानपणी मी एकदा झोपेत तिच्या कुशीत शिरले, तर आमच्या वडिलांनी, दत्तोबांनी, मला दंडाला धरून ओढलं आणि अक्काला भल्या पहाटे गार पाण्यानं अंघोळ घातली. ती कुडकुडत होती. वडील म्हणाले, "देवीची वस्तू हाय ती." वस्तू. हाच शब्द.

आणि दरवर्षी चैत्रात तिला तांदळ्यासमोर बसवायचे. हलगी वाजायची, धूप कोंडायचा, चार गावांची माणसं वाट बघत बसायची. कुणाचं पोर आजारी, कुणाची विहीर आटलेली. अक्का डोळे मिटून बसायची. घामानं लुगडं चिकटायचं. मग ती डोळे उघडायची आणि म्हणायची, "न्हाय आली."

लोक म्हणायचे, केवढी नम्र आहे बघा! वडील मान डोलवायचे. आमच्या ओसरीला त्या काळात कधी माणसांचा तुटवडा पडला नाही.

एकदा मात्र वडिलांनी तिला मागच्या दारी घेतलं. म्हणाले, "नुसतं डोलायला काय लागतं गं? चार शब्द बोल. लोकं लांबून येत्यात."

"खोटं घुमले आन् उद्या ती खरंच आली," अक्का म्हणाली, "तर तिला कुटल्या तोंडानं बोलू देऊ?"

खडकीच्या कारखान्यात कामाला असलेल्या श्रीनिवास नावाच्या मुलानं तिला मागणी घातली होती. त्यानं तिला कालव्यावर बघितलं होतं. वडिलांनी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, तेव्हा वडिलांनी कुत्रं सोडलं. त्या चैत्रात अक्का तांदळ्यासमोरून उठेचना. लोक निघून गेले, दिवा विझला, तरी बसून. मी जाऊन बघितलं तर ती दगडाला हळू आवाजात विचारत होती, "कधी येनार हाईस? एकदा सांग तरी."

मी मात्र शिकले. मला कुणी निवडलं नव्हतं ना. मास्तरीण झाले, लग्न होऊन इकडे सदाशिव पेठेत आले. वडील गेले, आई गेली, भाऊही गेला. अक्काचे केस पांढरे झाले. वारजे महापालिकेत आलं आणि आमच्या मळ्याच्या चारी बाजूंना इमारती उठल्या. मध्ये तेवढं आमचं बैठं घर आणि घराच्या पोटात तांदळ्याची खोली. माझ्या भाच्याला, बाळला, तिथं सहा मजले चढवायचे होते. पण दगड हलवायचा तर देवीचा कौल हवा, आणि कौल द्यायचा तर झाडानं.

"आत्या, तू सांग ना अक्काआत्याला," बाळ मला म्हणायचा. "एकदा हो म्हण म्हणावं. कोण बघतंय?"

"पन्नास वर्षं तिला तुम्ही बसवून ठेवलंत, आता उठवायचीही घाई तुम्हालाच," मी म्हटलं. त्याला ते लागलं नाही. त्याला काहीच लागत नसे.

त्या घरात अक्काला शिवणारं एकच माणूस होतं. बाळची मुलगी, हर्षदा. पहिलीत होती. तिच्या आईला हे शिवाशिवीचं ठाऊकच नव्हतं, त्यामुळे पोरगी खुशाल अक्काच्या मांडीवर बसायची, तिची वेणी घालायची. पहिल्यांदा त्या पोरीनं गळ्यात हात टाकले, तेव्हा अक्का बराच वेळ हातच हलवेना. तिला कळेना, आपल्या हातांचं करायचं काय.

तर, अक्काला मोतीबिंदू झाला होता. आमच्या गल्लीत डोळ्यांचे चांगले डॉक्टर होते, त्यांच्याकडे तिला आणायचं म्हणून मी रिक्षा करून वारज्याला गेले. वैशाखातली टळटळीत दुपार. बाळ आणि त्याची बायको बाहेर गेले होते. हर्षदा मागच्या दारी हौदात खेळत होती. शेजारच्या साइटवरचा खोदाईचा खडखडाट जेवणाच्या सुट्टीसाठी थांबला, आणि इतकं शांत झालं, की माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटायला लागला.

अक्का तांदळ्याच्या खोलीत होती. दार ठेंगणं, वाकूनच आत जावं लागायचं. आत गारवा होता. नेहमीचा नाही, विहिरीच्या तळाचा असतो तसला. आणि वास. ओल्या घोंगडीचा, तंबाखूचा, राखेचा.

"अक्का, चल. रिक्षा उभी आहे."

तिनं मान वळवली नाही. "प्रेमा... वास येतोय का गं तुला?"

"कसला?"

"गेनबाचा."

मी गेनबाला कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. मी तिच्या खांद्याला हात लावायला पुढे झाले. तेवढ्यात तिची हनुवटी सावकाश छातीवर टेकली. हलगी नाही, धूप नाही, घुमणं नाही. नुसती हनुवटी टेकली आणि तिच्या तोंडातून एक म्हातारा पुरुष बोलला.

"पोर कुटं हाय?"

आवाज चिडका नव्हता, मोठाही नव्हता. दारात उभं राहून शेजाऱ्यानं विचारावं, तसा.

"कोण... कुणाची पोर?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"माझी. कालच दावली न्हवं का म्या."

काल, वासंतीबाई! त्याच्या लेखी एक दिवस झाला होता. अक्काचा अख्खा जन्म त्यात गेला होता.

"ही... हीच ती," मी म्हटलं. "ही आनंदी."

अक्काची मान वर झाली. ती स्वतःच्या हातांकडे बघायला लागली, सुरकुत्यांकडे, शिरांकडे. उलटसुलट करून बघितले.

"ही न्हवं," तो आवाज म्हणाला. "ही म्हातारी कुनाची?"

आणि मी तिचे डोळे पाहिले. अंगात आल्यावर माणसाला शुद्ध नसते म्हणतात. अक्काला शुद्ध होती. ती आत जागी होती आणि तिनं ते ऐकलं होतं. तिच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंड मात्र शांतपणे पुढचं विचारत होतं, "ल्हान पोर कुटं हाय?"

"आज्जी, माझी वेणी सुटली."

दारात हर्षदा उभी होती. ओले पाय, ओला फ्रॉक.

आवाज थांबला. अक्काचा उजवा हात वर यायला लागला. सावकाश, कुणी दोरीनं उचलावा तसा. चार बोटं मिटली, एक उघडं राहिलं. ते बोट दाराच्या दिशेला वळायला लागलं आणि अक्काचे ओठ उघडले, "माझ्यामागं..."

तिच्या डाव्या हातानं ते बोट धरलं. कट्‌ असा आवाज झाला. मग त्याच हातानं तिनं पदराचा बोळा केला आणि स्वतःच्या तोंडात कोंबला. खोल, आणखी खोल. त्या बोळ्याआडून मला तिचा स्वतःचा शब्द ऐकू आला, घोगरा, तुटका. "पळ."

मी पोरीला काखोटीला मारलं आणि पळाले. तिला रिक्षावाल्याच्या स्वाधीन केलं आणि परत फिरले.

अक्का तांदळ्यापाशी आडवी पडली होती. पदर दातांत घट्ट. मोडलेलं बोट हाताच्या मागे वळलेलं. श्वास चालू होता. वास मात्र गेला होता.

बाळ आल्यावर त्यानं आधी काय विचारावं? "देवी आली होती? काय म्हणाली?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्यानं गावात सांगितलं, देवीनं हो म्हटलं. चैत्राच्या आत पाया भरला. आज तिथे पार्किंगमध्ये संगमरवरी देव्हारा आहे, तांदळ्याला चांदीचा मुखवटा आहे, आणि शेजारी हार घातलेला अक्काचा फोटो. खाली लिहिलंय, देवीची निस्सीम सेविका. जन्मात पहिल्यांदा तिच्याकडे देव आला, तो तिला ओळखेना. तो फोटो कोण ओळखणार आहे?

अक्काला मी इथे घेऊन आले. तिचं बोट जुळलं, डोळ्यांचं ऑपरेशनही झालं. ती बोलली मात्र नाही. घशाचे डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही, बोलत का नाहीत त्यांनाच विचारा. ती पदर दातांत धरून बसायची, झोपायचीही तशीच. जेवताना घाईघाईनं घास गिळायची आणि लगेच पदर परत तोंडात. पण संध्याकाळी मी शेजारी बसले, की आपणहून माझा हात हातात घ्यायची. शिवायची. तेवढं सुख मी तिला दिलं म्हणा, किंवा तिनं मला.

एका सकाळी चहा घेऊन गेले, तर ती गेलेली होती. अंग गार. मी तुळशीपत्र आणि पाणी आणलं, पण जबडा काही उघडेना. डॉक्टरांना फोन केला आणि उशाशी बसून राहिले.

तेव्हा ऐकू यायला लागलं. मिटलेल्या तोंडातून, पदराच्या आतून. भिंतीपलीकडे तोच म्हातारा बोलत असावा तसं. डॉक्टर नंतर म्हणाले, पोटातली हवा असते, आवाज होतात. हवेला नावं घेता येतात का हो?

नावंच होती ती. एकेक, थांबून थांबून. सुरुवातीची मला माहीत नसलेली, जुनी, ठकी, भागी अशी. मग आनंदी. माझं नाव नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि, हसू नका, जरासं वाईटही वाटलं. मग हर्षदा. ते नाव तो दोनदा म्हणाला आणि पुढे गेला, जणू तिथं काही हाताला लागलं नाही. त्यानंतर एकच, शेवटचं. मला ते नाव वाटलंच नाही. वाटलं, बिचारी अक्काच 'माय' म्हणून आईला हाक मारतीय. मग सगळं शांत झालं.

हर्षदा चांगली शिकली. हिंजवडीला नोकरी करते. लग्न झालं, गेल्या महिन्यात मुलगी झाली. माझ्या गुडघ्यांमुळे बारशाला जाणं जमलं नाही, म्हणून संध्याकाळी तिचाच फोन आला.

"आज्जी, नाव आम्ही दोघांनीच शोधलं. एकदम युनिक. आपल्याकडे कुणाचंच नाहीये."

तिनं नाव सांगितलं. मी म्हटलं, परत सांग.

तिला वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नसेल. मग तिनं सावकाश, तोडून तोडून सांगितलं.

"माय... रा."