विजातीय ध्रुव

मृणालने भूपेंद्रला भर वर्गात होकार दिला. असं काही घडलेलंच नाही, असं शालिग्राम मामा आजही शपथेवर सांगतात. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

मामांचा ट्यूशन क्लास सुरतेच्या लिंबायतमध्ये, कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याच्या वर. शंका-तासाला टेबल एकच. एका टोकाला मामांची भाची मृणाल, विषय मराठी. दुसऱ्या टोकाला नवाच आलेला भूपेंद्र, विषय विज्ञान. नियम असा, की ज्याने त्याने आपल्याच विषयाची शंका सोडवायची. खाली लूम सुरू झाले की टेबल थरथरायचं आणि दोघांच्या खुर्च्या आपोआप जवळ सरकायच्या... निदान मृणालचं म्हणणं तसं होतं.

पहिली शंका सोनालीची. "मॅडम, विजातीय म्हंजे?"

"वेगळ्या जातीचा."

"थांबा, ते माझं आहे," भूपेंद्र म्हणाला. "चुंबकाचे विजातीय ध्रुव. एकमेकांना ओढतात."

"शब्द माझा आहे, सर."

"चुंबक माझा."

"मग ठेवा की तुमचा चुंबक तिकडेच!"

"तोच इकडे ओढतोय, मॅडम... मी काय करू?"

सोनाली वही मिटून निघून गेली. तिची शंका फिटली होती.

मग रोज भूपेंद्रलाच शंका येऊ लागल्या. "मॅडम, 'चहा घेऊ या' हे कोणत्या काळातलं?"

"लूम बंद झाल्यानंतरचं," मृणाल मान वर न करता म्हणाली.

लिंबायतमध्ये लपून चहा पिणं म्हणजे ढोल वाजवून उपास करणं. मामांना कळलंच.

"वर्गात सगळ्यांसमोर सांग, तुझा न् त्याचा काही संबंध नाही. नाहीतर तो उद्यापासून घरी," मामा म्हणाले. "दीकरा, ऐक पोरी, आपली माणसं वेगळी, त्यांची वेगळी."

"म्हणजे विजातीय?"

"हां, तेच!"

मृणाल तडक फळ्याजवळ गेली. भूपेंद्र कोरा फळा पुसत होता. खाली नेमकी वीज गेली. लूमसुद्धा ऐकायला थांबले.

"मुलांनो, नेहमीची शंका आहे. विजातीय ध्रुव जवळ आले तर काय करायचं? काही करायचं नाही. ते चिकटतात. वडीलधाऱ्यांनी मध्ये हात घालू नये, बोट चेमटतं."

"मॅडम, हे परीक्षेला येणार?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"हमखास. आणि हा प्रश्न सोडता येत नाही."

"मृणाल!" मामा ओरडले. "हा विज्ञानाचा प्रश्न आहे!"

"म्हणून तर सरांना विचारते." ती भूपेंद्रकडे वळली. "माझं उत्तर हे आहे, सर. तुमचं?"

त्याच्या हातातून डस्टर पडलं. "तेच..." तो म्हणाला. "शब्दन् शब्द — तेच."

मामांनी एका दमात दोघांनाही काढलं. खाली रिक्षा मिळाली. अख्खी सीट मोकळी असताना दोघं एकाच कोपऱ्यात बसले.

"घरी काय सांगणार?" भूपेंद्रने विचारलं.

"वर्गात सांगितलं तेच. फक्त जरा मोठ्याने."

सबब, शहर वाहतूक शाखेस विनंती करण्यात येते की, सदर रिक्षा लिंबायतहून अडाजणला घरी पोहोचेपर्यंत वाटेतले सर्व सिग्नल लालच ठेवावेत, आणि तोवर सुरतेत कोणीही हॉर्न वाजवू नये.