चाळणीत अडकलेला निरोप

दातांच्या दवाखान्यात तो दात दाखवायला आला नव्हता, म्हणून मनूने त्याला बसासुद्धा म्हटलं नाही.

"इंटरनेट कंपनीकडून आलोय."

"या. तुमचीच वाट बघत होते," ती म्हणाली. आवाजात गोडवा औषधालाही नव्हता.

झालं होतं असं, की सकाळी तिने एक ईमेल उघडला, त्याला जोडलेल्या फोटोवर क्लिक केलं, आणि आतल्या व्हायरसने तोच मजकूर दवाखान्याच्या नावाने प्रत्येक पेशंटला धाडून दिला – 'त्या दिवशी तुला पाहिलं आणि...' कवळीवाल्या आजोबांनी तर फोन करून विचारलं, "कोणत्या दिवशी?" दवाखाना तिच्या काकांचा. ते तेव्हापासून धुमसत होते.

"तुमच्या तारेतून आला ना? मग तपासायचं काम तुमचंच. पाणी गढूळ आलं तर काय नळाला जाब विचारायचा?"

तो कॉम्प्युटरसमोर बसत हसला. "पाणी सगळ्यांचं एकच असतं हो. पत्र ज्याचं त्याचं. पोस्टमनने तुमची पत्रं फोडली तर चालेल?"

"फोडू नका. नुसती हुंगा."

"हुंगतो की. रोज..."

तो मध्येच थांबला. मनूनेही पडद्यावर पाहिलं. कंपनीच्या चाळणीने तो ईमेल अडवला होता, 'संशयित' म्हणून बाजूला ठेवला होता. तिथून कुणीतरी तो बाहेर काढला होता – 'सुरक्षित आहे' हे बटण दाबून.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला आजवर कुणी असं लिहिलंच नव्हतं.

काका मास्क हनुवटीखाली ओढत बाहेर आले. "काय हो, चूक कुणाची?"

त्याने हळूच पडदा बंद केला. "आमची. चाळणीतून निसटला."

"वा. तुमच्या साहेबांना फोनच करतो. असली माणसं घरी बसवली पाहिजेत."

त्याने नुसती मान डोलावली. गप्प राहिली असती, तर मनू सुटली असती...

"काका, कंपनीने अडवला होता. मीच बाहेर काढला."

"का?"

"वाटलं... मला खरंच कुणीतरी पाहिलंय." हे तिने फरशीला सांगितलं.

काकांनी मास्क पुन्हा वर चढवला. "आजोबांना फोन तू करायचास," एवढंच म्हणून ते आत गेले.

"खोटं कशाला बोललात?" तिने खालमानेनेच विचारलं.

"तो मजकूर वाचून तुम्हीच बटण दाबलंत, हे काकांसमोर सांगायचं... जमलं नसतं."

"हसा आता."

"नाही हसत. मी खरंच पाहिलं होतं तुम्हाला. त्या दिवशी."

"...कोणत्या दिवशी?"

"इंटरनेट बसवायला आलो होतो तेव्हा. एक चिमुरडी रडत होती. तुम्ही तिला आरशात स्वतःचे दात मोजायला शिकवत होतात. मी टेबलाखाली तार ओढत होतो. तुम्हाला फार तर माझे बूट दिसले असतील."

मनूची मान काही वर होईना. पण नजर फरशीवरून सरकत सरकत त्याच्या बुटांपाशी गेली – डाव्याची नाडी हिरवी, उजव्याची काळी.

ते बूट तिला चांगले आठवत होते.