आकाश लागलेला शर्ट

सम्यक माझ्या ओल्या आकाशाला टेकून फोनवर बोलत होता, तेव्हा मी त्याला ओळखतही नव्हते.

आठ बाय पाच फुटांचा कॅनव्हास आमच्या लालबागच्या खोलीत शिरेना, म्हणून मी तो चाळीच्या गॅलरीत उभा केला होता. चित्र माझगावच्या टेकडीवरून दिसणाऱ्या गोदीचं, तैलरंगातलं. शेजारच्या सुंदराबाईंचा पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेला हा माणूस वळला, तर त्याच्या पांढऱ्या शर्टावर दीड फूट संध्याकाळ होती.

“सॉरी... ओलं होतं?”

“होतं. आता निम्मं तुमच्याकडे आहे.”

तो रंग मी अंदाजाने कालवलेला, पुन्हा जमणं कठीण. म्हटलं, “रविवारी हाच शर्ट घालून या आणि पाठ करून उभे राहा. धुवायचा नाही.”

तो आला. टर्पेंटाइनच्या वासात दोन तास उभा राहिला. मी त्याच्या पाठीशी बोलत होते, तो समोरच्या जिन्याशी.

“अजून किती रविवार?”

“एक थर वाळल्याशिवाय दुसरा लावता येत नाही. आत्ता नुसते ढोबळ रंग आहेत. मग छटा, मग बोटी, क्रेन... उजेड सगळ्यात शेवटी.”

“घाई नाही,” तो जिन्याला म्हणाला.

तिसऱ्या रविवारी तो पुन्हा टेकला. या वेळी समुद्राला.

“सगळं चित्र हप्त्याहप्त्याने नेणार का?”

त्याचे कान लाल झाले. पाठमोऱ्या माणसाचं तेवढंच दिसतं – पण पुरतं.

पाचव्या रविवारी आम्ही ‘तू’वर आलो. सहाव्याला सुंदराबाई दारात येऊन म्हणाल्या, “अरे, किती वेळा साफ करशील तो फिल्टर? पाण्याला चवच राहिली नाही.”

आठवा रविवार. सोमवारी चित्र दादरला प्रदर्शनात जाणार होतं. सगळा उजेड लावून झाला, गोदीवरचा एकच दिवा उरला. तो लागला की चित्र संपणार, आणि सम्यकला यायला कारणही उरणार नाही. मी त्या टिंबाला एक तास लावला.

“दीपिका... एक सांगू? दुसऱ्यांदा टेकलो ना, तेव्हा ओलं आहे हे माहीत होतं.”

मी दिवा लावून टाकला.

“मलाही सांगायचंय. आकाशाचा रंग पहिल्याच रविवारी जुळला होता. वीस मिनिटांत.”

“मग आठ रविवार काय बघत होतीस?”

“कान. आता वळ.”

तो वळला. शर्टाची पुढची बाजू अगदी कोरी होती.

चित्र पूर्ण झालं की कोपऱ्यात सही करतात. मी केली. ब्रशवर रंग उरला होता, म्हणून आणखी एक केली... त्याच्या खिशावर.

त्याने मान खाली घालून ती वाचली. “ही वाळायला किती दिवस?”

“तैलरंग आहे. वेळ लागणार.”

“घाई नाही,” तो म्हणाला. या वेळी जिन्याला नाही.