आजोबा आत आहे

दार नुसतं लोटा रे, कडी नका लावू. आणि कुणाला पाणीबिणी प्यायचं असेल तर आत्ताच उठा. नंतर एकट्याने जायला कुणी तयार होणार नाही आणि माझ्या गुडघ्यांना उगाच फेऱ्या पडतील.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या दोस्ताची आहे. माझ्या सुतारकामाच्या दुकानाला लागूनच त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. सगळे त्याला चष्मेवाला म्हणायचे, मीसुद्धा. घर त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी लग्न करून सातासमुद्रापार, थंड मुलखात. तिला दोन मुलं. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाचाचा. या गृहस्थाने नातवंडांना तोवर फक्त फोनच्या काचेत पाहिलेलं.

त्या वर्षी मे महिन्यात मुलं पहिल्यांदा सुट्टीला आली. चष्मेवाल्याचे पाय जमिनीवर नव्हते. माझ्याकडून दोन छोट्या खुर्च्या करून घेतल्या, रंग तीनदा बदलायला लावला. समुद्र दाखवला, होडीत बसवलं, बागेतली माकडं दाखवली. पण खरं सांगू? मुलांचं त्याच्याशी जमेना. मुलांना आपली भाषा यायची ती तोडकीमोडकी. आपसात ती तिकडच्या भाषेत बोलायची, आणि त्यातलं याला ओ की ठो कळायचं नाही. हा गोष्ट सांगायला लागला की धाकटा आईकडे बघायचा, कधी संपणार म्हणून. याने हात पुढे केले की तो आईच्या मागे. हा दुकानात येऊन मला म्हणायचा, "अरे, माझ्याच घरात मी पाहुणा झालोय."

"लहान आहेत. रुळतील," मी म्हणायचो.

दुसऱ्या शनिवारी मुलीला कामासाठी बाहेरगावी जावं लागलं. रविवारी दुपारी ती परत येणार होती. तोवर मुलं आजोबांच्या हवाली.

रात्री साडेनऊला वीज गेली. पंखा थांबला. वाऱ्याचं नाव नाही. धाकट्याच्या पाठीवर घामोळं उठलेलं, त्याने भोकाड पसरलं. काही केल्या गप्प बसेना. चष्मेवाल्याने विचार केला, कोपऱ्यावरच्या गोदामात बर्फ मिळतो, तो आणू, फडक्यात गुंडाळून अंगावरून फिरवू. पटकन जाऊन येऊ. थोरलीला बजावलं, "आतून कडी लाव. मी हाक मारेपर्यंत कुणालाही उघडायचं नाही. कुणालाही." कडी सरकलेली ऐकली, मगच तो जिना उतरला.

बर्फ मिळाला. पिशवी घेऊन धापा टाकत वर आला. दार वाजवणार, तेवढ्यात आतून हसणं ऐकू आलं. दोन्ही मुलं हसत होती. अगदी पोट धरून. आल्यापासून एकदाही ती तशी हसली नव्हती. त्याला बरंच वाटलं बिचाऱ्याला.

"आलो गं. उघड."

हसणं थांबलं. थोरली दारापाशी आली. "कोण आहे?"

"अगं मी. आजोबा."

मग ती म्हणाली, "आजोबा आत आहे."

त्याला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. "असं का? काय करतोय आजोबा?"

"गोष्ट सांगतो. मघाशी आला."

"मग कडी तू काढलीस?"

"नाही."

"कडी काढली नाहीस, तर आला कसा?"

"आला," ती म्हणाली. आणि तिची पावलं आत निघून गेली.

याच्याकडे किल्ली होती, पण आतली कडी लागल्यावर किल्ली काय कामाची? समोरचं बिऱ्हाड गावी गेलेलं. तो धावत खाली आला. मी दुकानाबाहेर बाकावर वारा शोधत बसलो होतो. "हत्यारं घे," म्हणाला. "घरात कुणीतरी शिरलंय." मला वाटलं चोर. पटाशी, हातोडी, टॉर्च उचलली आणि पळालो.

चौकटीत पटाशी लावली. आणि... ऐकलं.

"काका, तुम्ही स्वतः ऐकलंत?"

हो रे, स्वतः. याच कानांनी. आवाज चष्मेवाल्याचा होता. त्याला बोलता बोलता घसा खाकरायची सवय होती. आतला आवाजही खाकरत होता. पण बोलत होता मुलांच्या भाषेत. भराभर. तिकडेच जन्मल्यासारखा. आणि मुलं खिदळत होती.

मी टॉर्च बाजूला फिरवला. चष्मेवाला भिंतीला टेकून उभा. स्वतःच्या तोंडावर हात घट्ट दाबून धरलेला. आपणच तर बोलत नाही ना, ते बघत होता.

मी पहिला घाव घातला.

आतलं बोलणं थांबलं.

पावलं आली. लहान मुलांची नव्हेत. दारापाशी थांबली. मग आपल्या भाषेत, स्वच्छ...

"कोण आहे?"

चष्मेवाला दाराकडे सरकला. "मी... मी आहे."

मग समजुतीच्या सुरात, भलत्या वेळी दारात आलेल्या परक्याशी बोलावं तसं...

"मी तर घरातच आहे."

आत धाकटा रडायला लागला. आवाज त्याच्याकडे वळला. "घाबरू नको. मी आहे ना."

आणि पोर गप्प झालं. लगेच.

चष्मेवाला खाली बसला. ओरडला नाही. दार बडवलं नाही. दोन्ही तळवे दाराला लावले आणि म्हणाला, "मुलांना काही करू नको रे." पिशवीतल्या बर्फाचं पाणी होऊन पायरी पायरीने खाली चाललेलं.

मी घाव घालत राहिलो. दार मीच केलेलं. आयुष्यात एक दार इतकं मजबूत केलं... ते हे. हात भरून आले. आत चिडीचूप. शेवटी कडी निखळली.

टॉर्च मारला.

पलंगावर दोन मुलं. बसलेली. मध्ये एका माणसाची जागा.

बाकी कुणी नाही. पलंगाखाली नाही. मोरीत नाही. कपाटात नाही. खिडक्यांना गज, तेही जागच्या जागी. चष्मेवाल्याने हात पसरले. धाकट्याने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं... आणि किंचाळून बहिणीच्या मागे लपला.

"हा नाही," म्हणाला. "हा नाही."

रात्रभर आम्ही दोघं मोडक्या दारात बसून होतो. सकाळी मी म्हटलं, "मुलीला सगळं सांग." तो म्हणाला, "काय सांगू? मी बाहेर होतो आणि मीच आत होतो, असं?" नाही सांगितलं. कडी अडकली म्हणून दार फोडावं लागलं, एवढंच. उरलेली सुट्टी कशीबशी गेली. रोज झोपताना धाकटा दाराकडे बघून आईला विचारायचा, "तो आजोबा कधी येणार?" ती हसायची. "हे काय बसलेत!" चष्मेवाला मान खाली घालून बसायचा. पुढे फोनवरही तो पोरगा कधी त्याच्याशी बोलायला आला नाही. दोस्त गेला तोवर नाही.

हां, एक राहिलंच. रविवारचं.

दुपारी मुलगी आली, तेव्हा मी चौकट ठोकत होतो. धाकट्याचे हात धुता धुता ती एकदम ओरडली, "बाबा, कमाल केलीत! याची नखं कापलीत? मला तर हा हात लावू देत नाही!"

चष्मेवाला माझ्याकडे बघायला लागला.

दोघांचीही कापलेली होती. हाताची, पायाची. गोल, व्यवस्थित, कुठे ओरखडा नाही.

"आजोबाने कापली," थोरली म्हणाली. "अंधारात."

मुलगी पोरांना घेऊन खाली गेल्यावर आम्ही दोघांनी गादी झटकली. पलंग सरकवला. चारही कोपरे झाडले, मोरीच्या जाळीत हात घातला, केराची टोपली जमिनीवर उलटी केली. मग पुन्हा पहिल्यापासून.

एक तुकडा सापडला नाही.