दार अडलं त्या सकाळी

नादीन व्हॅनमधून उतरली तेव्हा पारा उणे बत्तीसवर होता, आणि गॅरेजसमोर एक उंच माणूस गाईच्या बाळंतपणाचे दोर हातात घेऊन उभा होता.

दार तिरकं होऊन रुळात अडकलं होतं. डावी बाजू गुडघ्याएवढी वर, उजवी जमिनीला गोठलेली. थंडीने वरची स्प्रिंग तुटली होती. पण नुसत्या स्प्रिंगने दाराची इतकी वाट लागत नाही, हे नादीनला बघताक्षणीच कळलं.

“बटण किती वेळा दाबलंत?”

“एकदा.”

ती नुसती बघत राहिली. त्याच्या पापण्यांवर पांढरं दव गोठलं होतं, नाक लाल झालं होतं...

“सात,” तो म्हणाला. “शेवटी दोनदा जरा रागाने.”

नादीनने हसू मफलरमध्ये दडवलं. कॅनडातल्या सास्काटून शहराच्या या भागातली दारं पूर्वी तिचे वडील दुरुस्त करत. त्यांचा खांदा कामातून गेला तेव्हा व्हॅन तिने हातात घेतली, त्याला आता दोन वर्षं झाली होती. अजूनही लोक तिला बघून आधी तिच्या पाठीमागे बघत — खरा कारागीर कुठे आहे म्हणून. या माणसाने मागे बघितलं नाही. गाडी किती वेळात बाहेर निघेल, एवढंच विचारलं.

दोन तास तरी लागतील, असं ती म्हणाली आणि त्याचा चेहरा उतरला. रूबेन थीसन गुरांचा डॉक्टर होता. रजेवर गेलेल्या डॉक्टरच्या जागी मार्चअखेरपर्यंत आलेला. चाळीस किलोमीटरवर विल्मा पोल नावाच्या बाईंच्या गोठ्यात गाय अडली होती, वासरू पोटात उलटं होतं. टॅक्सीवाल्याने रस्त्याचं नाव ऐकूनच फोन ठेवला होता.

नादीनने व्हॅनच्या सीटवरचा सामानाचा ढीग मागे लोटला. दाराखालच्या फटीत एक जुनं ब्लँकेट कोंबलं.

“बसा.”

“आणि दार?”

“दाराला संध्याकाळपर्यंत काही होत नाही. गाईचं तसं नाही ना.”

रस्त्यावरून बर्फाचा भुगा आडवा वाहत होता, कडेचे खांबही दिसत नव्हते. रूबेन घाबरला की बोलत सुटतो, हे तिला पहिल्या दहा किलोमीटरमध्येच कळलं. तिने स्टीअरिंगवरचे हात ढिले केले नाहीत.

गोठ्यात तो एकदम गप्प झाला. बाह्या वर सारून त्याने हात खांद्यापर्यंत आत घातला, वासराचे मागचे पाय चाचपडून शोधले आणि त्यांना दोर बांधले. सत्तरीच्या विल्माबाई गाईचं डोकं धरून होत्या. दोर ओढायला कुणीच नव्हतं... त्याने नादीनकडे बघितलं. तिने हातमोजे काढले. रोज ताणलेल्या स्प्रिंगांशी झुंजणारे हात होते ते.

“थांब... कळ येऊ दे,” तो म्हणाला. “आता. ओढ, नादीन.”

तिने फळीला टाच लावली आणि ओढलं. पहिल्या कळेला काही नाही, दुसरीलाही नाही. तळहात सोलवटले, पण दोर तिने सोडला नाही. तिसऱ्या कळेला वासरू सळकन बाहेर आलं — आणि निपचित पडलं. रूबेनने त्याचं नाक पुसलं, छाती चोळली, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. कुणी श्वास घेत नव्हतं, वासरूही नाही. मग ते शिंकलं.

गोठ्यात आपण ‘तू’वर आलो, हे परतीच्या वाटेवर दोघांच्याही ध्यानात होतं, पुन्हा ‘तुम्ही’वर जायचं कुणी मनावर घेतलं नाही. दूर पूर्वेकडच्या ओंटारियो प्रांतात आपल्याला कायमची नोकरी देऊ केली आहे, असं त्याने शेवटच्या वळणावर सांगितलं. चांगलं झालं, असं ती म्हणाली. त्याच्याकडे बघितलं मात्र नाही.

दार तिने त्याच संध्याकाळी नीट केलं. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, दार कुरकुरतंय म्हणून. तिने चाकांना तेल घातलं. दार कुरकुरत नव्हतंच. मार्चच्या मध्यावर पुन्हा फोन आला — दार खालीच येत नाही. फोन ठेवता ठेवताच नादीनने ठरवलं, की आज दार काहीही करो, आपण बोलायचं.

ती पोचली तेव्हा दुपार होती आणि बर्फ भुरभुरत होता. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत दोन डोळे, म्हणजे सेन्सर, असतात. एकाची नजर ढळली की दार खाली येत नाही. उजव्या डोळ्याचा स्क्रू चक्क काढून शेजारच्या फळीवर ठेवला होता, व्यवस्थित.

“हा आपोआप निघत नाही,” ती उकिडवी बसून म्हणाली.

“नाही निघत.”

“रूबेन, मी आजवर कुणाला थांब म्हटलेलं नाही. तुला म्हणतेय. जाऊ नकोस.”

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याचे कान लाल झाले होते, आणि थंडीमुळे नव्हे.

“सकाळीच नकार कळवला ओंटारियोला. इथले डॉक्टर परतले तरी दवाखाना मला ठेवून घेणार आहे. मग स्क्रू काढला... आधी स्क्रू काढला असता तर नुसता चहाटळपणा झाला असता.”

“मला नुसतं बोलावलं असतंस तर?”

“आली असतीस?”

“दुसऱ्या दिवशीच.”

तो काहीतरी बोलणार होता. तिने त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर ठेवला. घट्ट बसव म्हणाली. त्याने तीनदा चुकवलं, कारण तो स्क्रूकडे बघतच नव्हता. अखेर डोळ्यातला हिरवा दिवा लागला. नादीन उठली आणि तिने आतूनच बटण दाबलं. दार सावकाश खाली आलं, बर्फ बाहेर राहिला...

व्हॅनचं इंजिन चालूच राहिलं होतं, हे तिला तासाभराने आठवलं.