कबरींच्या बागेची पारख

एलिचपुरात नदीकाठच्या नवाबी कबरींभोवती गुलाबाची बाग होती, आणि तिथली माती चाखून पाहायला उद्या अंजनगावहून एक पारखी येणार होता. दूर अमेरिकेत लढाई पेटलेली. इकडे कपाशीच्या बोंडाला सोन्याचा भाव. माती कपाशीजोगी आहे, एवढंच पारख्यानं म्हणायचं, की बागेचा चौथा हिस्सा त्याला कसायला मिळायचा. असा माणूस दुसरं काय म्हणणार? आणि तेवढ्या एका शब्दावर माळ्याच्या लेकीची, सत्यभामेची, तिच्या मेलेल्या आईनं लावलेली गुलाबं उपटली जायची.

म्हणून भर वैशाखात ती वाफे तुंबवत होती. जमीन चिबड दिसली, पाणी धरून बसणारी, तर कपाशी कोण पेरेल? पण मोटेचे बैल तिला एकटीला आवरेनात. तेवढ्यात घुमटाच्या सावलीत घाम पुसणारा एक तरुण दिसला.

"ओ पाहुने! उभे काहून? मोट हाकता येते का?"

"येते ना. पण एवढं पाणी... बाग बुडवून राहिल्या का?"

"उद्या मातीचा पारखी येते मेला. त्याच्या तोंडात चिखलच गेला पाहिजे!"

तो हसला. बैलांमागे गेला. मोट ओतली की दर खेपेला तिच्या चिखल उडालेल्या गालाकडे बघायचा — आणि बैल आपले थांबून राहायचे.

"नाव त सांगा," ती शेवटी म्हणाली.

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी बागेचे कारभारी किसनराव यांच्याबरोबर पारखी आला, आणि सत्यभामेच्या हातातली परडी गळून पडली. तोच! आपल्याच तोंडानं आपण त्याला सगळं... ती कबरीच्या जाळीला टेकली.

त्यानं — सहदेव त्याचं नाव — चिमूटभर माती जिभेवर ठेवली. किती वेळ लावला मेल्यानं!

"बोल ना, कसदार हाये ना?" किसनराव म्हणाले.

"चिबड हाये, कारभारी. खालून नदीचा पाझर. कपाशी सडन."

"वैशाखात चिबड? तुही जीभ ठिकाणावर हाये का?"

"जीभ हाये जी... बाकीचं नाई सांगता येत."

"साऱ्या परगण्यात सांगतो, याले माती समजत नाई!" किसनराव पाय आपटत गेले.

"खोटं काहून बोलले?" तिनं विचारलं.

"खोटं कुठं? चिखल मीच त केला."

"हिस्सा गेला ना तुमचा..."

"तुमच्या बाबाले दुसरं काही मांगाले आलो, त तुमी नाई म्हणान?"

ती परडीतून सांडलेली फुलं वेचत राहिली. एक — दोन — तीन...

"येऊन त पाहा," ती म्हणाली.

आता हे कोणाला केवढ्याला पडलं, ते बघा. किसनरावांचा कपाशीचा हंगाम हुकला. सत्यभामेची अकरा गुलाबं तुंबल्या पाण्यानं सडली. हळद लागेपर्यंत ती त्यांच्या जागी नवी कलमं लावत होती. आणि सहदेवला? त्याला पुन्हा कुणी माती चाखायला बोलावलं नाही. बांधापलीकडच्या शेतात कपाशी कमरेएवढी झाली, तेव्हा तर लोक त्याच्या तोंडावर हसले. सगळ्यांत महागात त्यालाच पडलं, आणि तक्रार तेवढी त्याचीच नव्हती.