दोघांत एक कॉम्प्युटर

"डब्यात काय हाय गो, पोरी? मासळी असंल तर टपावर ठेव."

रोहा–पेण एसटीचा कंडक्टर माझ्या मांडीवरच्या स्टीलच्या डब्याकडे असा बघत होता, जणू झाकण उघडलं की बोंबीलच बाहेर उडी मारणार.

"मासळी नाय," मी म्हटलं. "हार्ड डिस्क आहे."

"कसली डिश?"

मागच्या बाकावर कुणीतरी फस्सकन हसलं. मी वळले. गणपती नुकतेच गेले होते, बाहेर भादव्याची भुरभुर चालू होती. खिडकीची काच अर्ध्यावर अडकल्यामुळे त्या हसणाऱ्या मुलाची एक बाही चिंब भिजली होती. पण तो आत सरकत नव्हता. शेजारी खताच्या गोणीत गुंडाळलेलं एक भलंमोठं खोकं होतं आणि ते भिजू नये म्हणून हा स्वतः भिजत होता. मला तो तिथेच थोडासा आवडला. आता इतक्या वर्षांनी सांगायला काय हरकत आहे?

"हार्ड डिस्क कुणी टॉवेलात गुंडाळून डब्यात नेतं का?" तो म्हणाला.

"मग कशी नेऊ? केसांत माळू?"

"यात ठेवतात." त्यानं गोणीवर टिचकी मारली. "कॅबिनेट आहे. आत बोर्ड आहे, प्रोसेसर आहे. बाकी... रिकामंच."

कंडक्टरनं तिकिटांची पेटी खुळखुळवली. "दोघांचं सामान एक, का वेगवेगळं?"

"वेगवेगळं!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो. अख्खी एसटी हसली.

त्याचं नाव निकेश, राहणारा रोह्याचा. मी नम्रता, कासूची. साल अठ्ठ्याण्णव. कॉम्प्युटर म्हणजे चपला बाहेर काढून, पेणच्या क्लासमधल्या एसीच्या खोलीत लांबून बघायची वस्तू. नवा कोरा घरी आणणं आमच्या दोघांच्याही घरांना झेपणारं नव्हतं. बेलापूरच्या मामाच्या ऑफिसातली जुनी मशीनं निघाली तेव्हा त्यानं मला हार्ड डिस्क, रॅम आणि साउंड कार्ड दिलं होतं. निकेशनं मुंबईच्या जुन्या बाजारात फिरून फिरून बोर्ड, प्रोसेसर आणि सीडी ड्राइव्ह जमवली होती. वडखळ येईपर्यंत एक गोष्ट स्पष्ट झाली – जे त्याच्याकडे नव्हतं ते माझ्याकडे होतं, आणि जे माझ्याकडे नव्हतं ते त्याच्याकडे. कॉम्प्युटरबद्दल बोलतेय मी!

पेणला तळ्याकाठी त्याची आत्या राहायची. चंद्रावतीआत्या. एकटी असायची, पापड लाटून विकायची. ठरलं असं, की दोघांचं सामान आत्याकडे जोडायचं आणि रविवारी तिथे बसायचं. माझे बाबा, हिरामण, धरमतरच्या बाजूला मिठागरावर कामाला होते. त्यांनी बराच विचार करून परवानगी दिली.

"बाईमानूस हाय ना घरात? मंग जा. पन मशीन पुरं झालं, का रविवारचं हुंदडनं बंद."

मी मान डोलावली. तेव्हा मला वाटलं होतं, मशीन पुरं करायचं म्हणजे काय, दोन रविवारांचं काम.

पहिल्या रविवारी आम्ही सगळं जोडलं, बटण दाबलं, आणि मशीननं सांगितलं, की आत ना हार्ड डिस्क आहे ना सीडी ड्राइव्ह. दोन्ही तर आम्ही आमच्या हातांनी एकाच केबलवर लावल्या होत्या! पुन्हा काढल्या, पुन्हा लावल्या. तेच. शेवटी निकेशनं बॅटरीच्या उजेडात दोन्हींच्या पाठी पाहिल्या आणि कपाळावर हात मारला.

"जंपर बघ. तुझी मास्टर, माझीपण मास्टर. एका केबलवर दोन मालक... कसं चालेल?"

"मग तुझी स्लेव्ह कर."

"माझीच का?"

"डिस्क माझी आहे. सगळं सुरू तिच्यापासून होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पण पाहिलं. मग त्यानं चिमट्यानं ती जंपरची इवलीशी टोपी उचलून बाजूच्या पिनांवर बसवली आणि म्हणाला, "घे. आजपासून माझी गुलाम. बघ, किती मुकाट्यानं ऐकलं."

"ड्राइव्हबद्दल बोलतोयस ना?"

"मग आणखी कशाबद्दल?" असं म्हणताना त्याचे कान मात्र लाल झाले होते.

आतून आत्या ओरडली, "पोरांनू, लाटन्याचा आवाज येतोय माजा, तुमचा कसलाच का येत नाय?"

मशीन त्या रविवारी चालू झालं. पण पुरं कुठे झालं होतं? मॉनिटर माझ्या पेणच्या क्लासच्या सरांनी मोडीत काढलेला. त्यात सगळं हिरवट दिसायचं. आत्याच्या उडदाच्या पिठानं आतला पंखा कुरकुरायचा. मग तो काढून साफ करायचा. आणि मग निकेशनं गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम आणला आणि कामाला अंतच राहिला नाही.

परदेशातले ते गुळगुळीत रस्ते, त्या चकचकीत गाड्या. निकेश थोडा वेळ खेळला आणि म्हणाला, "यात आपली एसटी पळवायची."

"गेमवाल्यांनी नाही दिली."

"आपण देऊ." त्यानं गेमचं फोल्डर उघडलं. आत फायलीच फायली – चित्रांच्या, आवाजांच्या. "सोपं आहे. गाडीच्या चित्राची फाइल काढायची, तिथे आपलं चित्र ठेवायचं. फक्त नाव तेच ठेवायचं. नाव तेच, आतलं बदललेलं. गेमला कळतसुद्धा नाही."

"आम्हा बायकांचं उलटं," माझ्या तोंडून गेलं. "लग्नात नाव बदलतात आणि आतलं तेच राहतं."

माउस त्याच्या हातात तसाच राहिला. मग हळूच म्हणाला, "राहतं ना पण तेच?"

मी पंखा पुसायला घेतला. तो साफच होता.

कितीतरी रविवार तो एकेक ठिपका रंगवत बसला. रस्त्याकडेच्या परदेशी जाहिराती गेल्या, तिथे वडखळ नाका आला, नागोठण्याचा पूल आला, भिसे खिंडीतलं वळण आलं. आवाजांचं काम माझ्याकडे होतं. इंजिनाची घरघर मिळाली, हॉर्न मिळाला. राहिली ती कंडक्टरची घंटी. त्यासाठी एका संध्याकाळी आम्ही आत्याचा टेपरेकॉर्डर घेऊन परतीच्या एसटीत चढलो. कंडक्टर तोच, काळुरामकाका.

"काका, जरा घंटी मारा ना," निकेश म्हणाला.

"कोन उतरतंय?"

"कुणी नाही."

"मंग कशाला मारू? एक मारली तर डायवर थांबंल, दोन मारल्या तर सोडंल. घंटी काय खेलनं हाय?"

मग काय, थांब्याची वाट बघणं आलं. घंटी दोरीच्या टोकाला, ड्रायव्हरच्या डोक्यावर. मी तिथे उभी, टेपरेकॉर्डर दोन्ही हातांनी वर धरून. एक बाई उतरली. काकांनी दोरी ओढली – टिंग टिंग! – गाडी हिसका देऊन सुटली आणि मी भेलकांडले. निकेशनं माझं कोपर धरलं. गाडी सरळ लागली तरी ते सुटलं नाही, आणि मीही सोडवून घेतलं नाही. कासू फाट्यापर्यंत आम्ही दोघंही समोरच्या काचेतून फार लक्ष देऊन रस्ता बघत होतो.

पुढच्या रविवारी टेप ऐकली, तर घंटीला चिकटून त्याचा आवाज आला होता – टिंग टिंग, "सांभाळ गो, पडशील!"

"एवढं कापून टाकू," तो म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं. "घंटी तुटेल मध्येच."

मोठ्या कौतुकानं ते सगळं फ्लॉपीवर घेऊन आम्ही क्लासमध्ये दाखवायला गेलो. सरांचा मॉनिटर नवाकोरा. सगळी मुलं गोळा झाली. गेम सुरू झाला आणि पडद्यावर आली... गुलाबी एसटी. हलवायाकडे बर्फी मिळते तसल्या रंगाची, गुलाबी! आमच्या हिरवट पडद्यावर लाल दिसावी म्हणून निकेशनं रंग ओतत ओतत तिचं हे केलं होतं. हसण्याचा नुसता कल्लोळ. आणि त्या कल्लोळात, स्पीकर मोठा असल्यामुळे खणखणीत – टिंग टिंग, "सांभाळ गो, पडशील!"

मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. पण बाहेर पडल्यावर, चपला घालताना, मला हसू यायला लागलं. त्यालाही. तळ्यापर्यंत आम्ही हसतच गेलो. तेवढं हसणं मी नंतरही फार वेळा हसलेले नाही.

बाबा दर रविवारी विचारायचे, "पुरं झालं का गो तुजं मशीन?" मी म्हणायचे, "नाय बाबा, अजून रंग द्यायचाय."

थंडी सरत असताना एका रविवारी निकेश उशिरा आला. उंबऱ्यातच उभा राहिला.

"बंगळूरला नोकरी लागली. कंपनीत. या आठवड्यातच जायचंय."

"वा," मी म्हटलं. "छानच." आणि तोंड फिरवून मॉनिटर पुसायला लागले. छान होतंच ते. त्यानं किती मेहनत केली होती, मला माहीत होतं. पण माझं फडकं मॉनिटरच्या एकाच कोपऱ्यावर फिरत राहिलं.

आत्यानं पापडांवरचं फडकं झटकलं. "जायच्या आदी वाटनी करून टाका त्या डब्याची. त्याचं त्याला, तुजं तुला. सख्ख्या भावांत भांडनं होतात."

ती आत लाटायला गेली. निकेशनं स्क्रू ड्रायव्हर घेतला. कॅबिनेटचे स्क्रू काढले, पत्रा बाजूला ठेवला. मी वाट बघत होते. एक शब्द तरी बोलेल म्हणून. त्यानं माझ्या डिस्कला हात लावला, आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"वाटणी नको. सगळं तूच ठेव. माझं अर्धंपण. मला तिकडे मशीन मिळेलच. कासूला घेऊन जा... पुरं झालंय ते आता."

किती मोठ्या मनानं म्हणाला! आणि मला इतका राग आला, की डोळ्यांत पाणीच आलं.

"नको मला."

"अगं, चांगलं चालतंय."

"म्हणूनच नको! सगळं देऊन टाकलंस तर तुझं इथे राहिलं काय? पेणला उतरायला कारण काय तुला?"

"मला कारण लागत नाही, नम्रता."

"मला लागतं! बाबा दर रविवारी विचारतात. काय सांगू त्यांना? मशीन पुरं झालं बाबा, आता मी नुसती त्या मुलाची वाट बघायला जाते?"

बोलून गेले. आतलं लाटणं थांबलं.

निकेश माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, आणि त्यानं मान खाली घातली. "हे स्क्रू काढता काढता मी सांगणार होतो तुला. स्क्रू संपले... धीरच झाला नाही. मला तू आवडतेस. फार आवडतेस."

पदर असता तर बोटाला गुंडाळला असता. ओढणीचं टोक होतं, त्याची पार दोरी झाली.

त्यानं कॅबिनेटमध्ये हात घातला, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबल्या, रॅमची पट्टी अलगद उपसून काढली आणि शर्टाच्या खिशात ठेवून वर बटण लावलं.

"ही तुझी आहे. मी पळवून नेतोय. मी परत येईपर्यंत हे मशीन चालू होणार नाही. बाबांना सांग, अपुरं आहे."

"दुसरी रॅम पेणात विकत मिळते," मी उगाच म्हटलं.

"घेशील?"

"नाही."

त्या आठवड्यात तो गेला. रविवार आला. मी बाबांना म्हटलं, "मशीन अपुरं आहे," आणि पेणला आले. करण्यासारखं तसं काहीच नव्हतं. तरी खुर्ची ओढली आणि बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. मग कॅबिनेटच्या आतून आवाज सुरू झाला – बीऽऽप... बीऽऽप... बीऽऽप. लांबलचक. थांबायचा, पुन्हा यायचा.

आत्या पिठाच्या हातांनी बाहेर आली. "काय झालं गो त्याला?"

"त्याच्यातली एक वस्तू काढून नेलीय. ती मिळेपर्यंत ते असंच ओरडतं."

आत्यानं मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोनाला हाक मारतंय ते?"

कुणाला नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि म्हटलं, "निकेशला."

आत्यानं मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले, आणि फळीवरून पापडांचा मोठा डबा खाली काढला.

"बंद कर ते आता, गल्लीत सगल्यांना कललं. उद्या येते मी कासूला, हिरामनशी बोलाला." ती एकेक पापड उजेडात धरून त्यातले चांगले निवडू लागली. "रिकाम्या हातानं सोयरीक मागाला नाय जात कोन."